साइड क्वेस्ट कोणी खेळत नाही, आणि खेळलंच तर गेम मोडतो. काय करू?

गराडू_गेमर (इंदूर)

भिया राम मंडळी. वर्षभर नुसतं वाचतोय इथं, लिहितोय पहिल्यांदाच, लांबलं तर सांभाळून घ्या.

दिवसा नोकरी करतो आणि रात्री जेवण झालं की एक छोटा आरपीजी (एक पात्र होऊन कथा खेळायचा गेम) बनवतो, टूडी, वरून दिसणारा, गोडॉट नावाच्या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये. एकटाच आहे, चित्रं तेवढी आतेबहीण काढून देते, तिला कॉलेजातून वेळ मिळाला तर. कथा अशी की डिसेंबर १८१७, होळकरांचा एक हरकारा महेश्वरहून खलिता घेऊन निघालाय आणि तो त्याला महिदपूरला, शिप्रेकाठच्या छावणीत पोचवायचाय. २१ डिसेंबरला तिथं इंग्रजांशी लढाई झाली आणि होळकर हरले हे आपल्याला माहितीये, त्या बिचाऱ्याला नाही. रस्ता महेश्वर, मग जाम घाट चढून वर, इंदूर, उज्जैन, महिदपूर. वाटेत पेंढारी, नदी, थंडी, एक वाघ. नुसती मेन कथा खेळली तर दोन तास.

आता दोन तासांचा आरपीजी कोण विकत घेणार म्हणून मी साइड क्वेस्ट, म्हणजे मेन कथेबाहेरची ऐच्छिक कामं, घालत गेलो, घालत गेलो, आणि परवा मोजल्या तर तेवीस झाल्यात. हरवलेली शेळी शोध, महुआची फुलं आणून दे, विहिरीत पडलेली घागर काढ, दोन भावांचं बांधावरून भांडण मिटव, असल्या.

रंगपंचमीला गेर, म्हणजे आमच्याकडची रंगांची मिरवणूक, बघायला पाहुणे आले होते, संध्याकाळी सगळे रंग धुऊन बसले (निघाला नव्हताच पूर्ण, माझ्या लॅपटॉपचं एंटर बटण अजून गुलाबी आहे), म्हटलं चला फुकटात प्लेटेस्ट करून घेऊ.

मोठा मावसभाऊ एकाही माणसाशी बोलला नाही. सरळ रस्त्यानं पळत सुटला, एक तास पन्नास मिनिटांत गेम संपवला आणि म्हणाला, "छान आहे, छोटा आहे." तेवीसपैकी एकही त्यानं बघितली नाही.

भाची बारा वर्षांची, तिनं उलट एक माणूस सोडला नाही, एक मडकं फोडायचं सोडलं नाही, आणि चार तासांनी जाम घाटावर पोचली तेव्हा लेव्हल चौदा. पेंढाऱ्यांचा जो म्होरक्या आहे, ज्याच्यावर मी दीड महिना घालवलाय, तो दोन घावांत पडला आणि तिनं मागं वळून विचारलं, "मामा, हाच होता का?"

आणि आई. आई आयुष्यात पहिल्यांदा गेम खेळली, दहा मिनिटं, शेळीच्या मागं फिरली आणि चष्मा काढून म्हणाली, "अरे पण याला तातडीनं पत्र द्यायला जायचंय ना? मग हा लोकांच्या शेळ्या काय शोधत बसलाय?"

ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. माझ्या मनात सराफा होता. रात्री आपण जातो एक जिलेबी खायला आणि मग भुट्ट्याचा कीस, गराडू, दहीवडा सगळं करून बारा वाजता घरी येतो, कोणी हातात यादी देत नाही. माझ्या गेममध्ये तसं होतच नाहीये. ऐच्छिक कंटेंट ठेवायचा तर कसा ठेवायचा, की सोडला तर नुकसान नाही आणि केला तर उगाच केला असं वाटत नाही?

लष्करवाला (ग्वाल्हेर)

शिंद्यांच्या गावचा माणूस होळकरांच्या हरकाऱ्याला मदत करतोय, नोंद घ्यावी. (१८०१ साली आमच्या फौजेनं तुमचं इंदूर जाळलं होतं, त्याची भरपाई समज.)

काकूंना टीममध्ये घे आधी. तातडीची मेन कथा आणि निवांत साइड क्वेस्ट हे भांडण जुनं आहे आणि मोठमोठ्यांना सुटलेलं नाही. विचर थ्री या गेममध्ये (२०१५) सिरी नावाच्या मुलीच्या मागं भुतांचं सैन्य लागलंय आणि तिला शोधणारा आपला नायक गेराल्ट गावोगाव पत्ते कुटत बसलाय. आपण हसून सोडून देतो कारण बाकीचा गेम तेवढा तगडा आहे. तुझ्या-माझ्या एकहाती गेमला लोक एवढं माफ करत नाहीत.

मला पटलेला उपाय बाल्डर्स गेट टूचा, साल २०००. इथं लष्करातल्या एका सायबर कॅफेत तासाला पंधरा रुपये देऊन खेळायचो. दुसऱ्या चॅप्टरला तुझ्या सोबतच्या मुलीला जादूगार पकडून नेतात, आणि मग एक जण भेटतो, म्हणतो सोडवायची असेल तर माझी माणसं मदत करतील, वीस हजार मोहरा आण. बस. त्या एका आकड्यानं अख्खं शहर मोकळं करून दिलं. कोणतंही काम घे, कोणतंही सोड, पैसे जमले की पुढं जा. गावातल्या कुणाची फालतू तक्रार सोडवतानाही मनात असतं की हे तिच्यासाठीच चाललंय. वीस हजार झाले तरी मी पुढं गेलो नाही हेही सांगतो, तोवर कामांचीच चटक लागली होती. (पुढं कॅफेवाल्यानं विंडोज परत टाकताना सगळ्यांच्या सेव्ह फाइली उडवल्या, ते दुःख वेगळं.)

दुसरा मार्ग दिवस मोजण्याचा. पहिला फॉलआउट, १९९७, भुयारातल्या वसाहतीचं पाणी संपायला दीडशे दिवस, नकाशावर चाललास की दिवस उडतात. त्यातली गंमत अशी की पाणी विकणाऱ्या व्यापाऱ्यांना गाठून वसाहतीकडे पाणी पाठवलंस तर शंभर दिवस वाढवून मिळतात, म्हणजे आडवाटेला जाणं हेच घाईवरचं औषध. तुझ्याकडे तर आयती तारीख पडलीये रे! प्रहर मोज. शेळी शोधली, गेला एक प्रहर. आता शेळी शोधायची का नाही हे खेळणाऱ्याला ठरवावं लागेल, आत्ता तो नुसताच फिरतोय.

शिफ्ट_बी (पिथमपूर)

टायमर दिसला की मी गेम काढून टाकतो, आधीच सांगून ठेवतो.

कारखान्यात दिवसभर सेकंदावर काम मोजतात, घरी येऊन परत घड्याळ बघू का? तुम्ही सगळे शेळीला हसताय पण मला शेळी आवडते. बी शिफ्ट करून रात्री साडेबाराला घरी येतो, बायको-पोरं झोपलेली असतात, आवाज बंद करून अर्धा तास खेळतो, तेव्हा मला राज्य वाचवू का राणी वाचवू असले निर्णय नको असतात, मला झाडपाला गोळा करायचा असतो. विचर थ्रीमध्ये स्केलिगे बेटांच्या समुद्रात नकाशावर जी प्रश्नचिन्हं पेरलीत ना, तस्करांचे बुडवलेले पेटारे, सगळं जग त्याला शिव्या घालतं, मी सगळे काढले. होडी, पाऊस, पेटारा, परत होडी. अडीच महिने लागले, मस्त गेले.

माझी अट एकच, मी ते केलं नाही तर गेमनं माझं वाकडं करू नये. ब्रेथ ऑफ द वाइल्डमध्ये (२०१७) जगभर लपवलेल्या नऊशे 'कोरोक बिया' आहेत आणि सामानाच्या जागा पूर्ण वाढवायला लागतात ४४१. म्हणजे निम्म्याहून जास्त बिया नाही मिळाल्या तरी काही अडत नाही, तू कुठल्याही डोंगरावर गेलास तरी वाटेत दोनचार हाताला लागतातच. आणि हट्टानं नऊशेच्या नऊशे केल्यास तर बक्षीस काय माहितीये? सोन्याच्या शीसारखी दिसणारी एक वस्तू. खरंच सांगतो. बनवणाऱ्यानं तोंडावर विचारलंय, भाऊ तुला सांगितलं कोणी होतं?

आणि तुझी भाची लेव्हल चौदाला गेली त्यात शेळीचा काय दोष, शेळीला एक्सपी (ज्यानं लेव्हल वाढते ते गुण) तू दिलास. शेळी शोधून कोणाला तलवार चालवता येते? शेळीवाल्यानं वाटीभर दूध द्यावं, थोडं आरोग्य भरावं, विषय संपला.

मांडवीपाशी (बडोदा)

होळकर झाले, शिंदे झाले, म्हटलं गायकवाडांची बाजूही मांडावी.

मी सात वर्षं गेम टेस्टिंगमध्ये आहे, कुठं ते विचारू नका. तेवीस क्वेस्ट वाचून माझ्या पोटात गोळा आला. प्रत्येक क्वेस्ट झालीये किंवा नाही झालीये एवढंच धरलं तरी दोनाचा तेविसावा घात, म्हणजे ८३ लाख ८८ हजार ६०८ अवस्था, आणि अर्धवट सोडलेली, देणारा माणूसच मेला म्हणून लटकलेली, हे तर धरलंच नाही. सगळ्या एकमेकींपासून सुट्या असतील तर काही नाही, एकेक तपासली की झालं. पण सुट्या आहेत का? ते बांधावरून भांडणारे भाऊ, त्यातला कोणी पुढं मेन कथेत येत नाही ना? आला तर तिथंच बघ, बग बसलाय.

दुसरं म्हणजे कष्ट कुठं घालायचे. मोठ्या टीमांमध्येही हीच रडारड असते, आवाज, कटसीन, चांगलं अॅनिमेशन सगळं मेन कथेला कारण ते सगळे बघणार, आणि ऐच्छिकला उरलंसुरलं. खेळणाऱ्याला ते पहिल्या घासाला कळतं. उलट विचर थ्रीच्या सुरुवातीच्याच गावातली ती म्हातारी घे. बंद झोपडीच्या दारात उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतेय, माझी कढई आत राहिली. आपण दार उडवून आत जातो, तर आत मढं पडलंय, आणि कढई मात्र घासून लख्ख, कारण तिची काजळी खरवडून कोणीतरी शाई केलीये. आत काय घडलं याच्याशी म्हातारीला देणंघेणं नाही, ती कढई बघून खूश. पाच मिनिटांचं काम. एक झोपडी, एक मढं, चार वाक्यं, आणि दहा वर्षांनी मी ते तुला पाठ सांगतेय. पैसा नाही लागला त्याला, बघणारा डोळा लागला.

तेव्हा तेवीसमधल्या पंधरा-सोळा कापून टाक, रडू येईल, काप.

आणि सहज एक प्रश्न. सामानाच्या पानावर तो खलिता दिसतो का? दिसत असेल तर त्याच्यावर 'वापरा' दाबलं की काय होतं?

चुलीवरचा_बॉस (इंदूर)

महुआ डिसेंबरात फुलतो का रे तुझ्याकडे? मार्च-एप्रिलची फुलं ती. बाकी चालू द्या.

गराडू_गेमर

@चुलीवरचा_बॉस मेलो. शंभर फुलं एकेक करून लावलीत नकाशावर, आतेबहिणीनं तीन प्रकारची काढली होती. तिला कोण सांगणार आता.

@शिफ्ट_बी दूध लिहून घेतलं. बरोबर बोललात.

@लष्करवाला प्रहर आवडले, पण शिफ्ट दादांसारखी माणसं पळतील त्याचं काय करू.

@मांडवीपाशी ताई, थोरला भाऊ उज्जैनला नावाडी आहे. आत्ता तपासलं. भांडणात तो मेला तरी पुढं तोच शिप्रा पार करून देतो आणि "सावकाश बसा" पण म्हणतो. खलिता दिसतो सामानात. 'वापरा' दाबलं तर मेसेज येतो, "ही सरकारी थैली आहे." एवढंच. का?

मांडवीपाशी

बटण असलं की माणूस दाबतो, सात वर्षांत मी एवढंच शिकलेय. तुझ्या मावसभावानं दाबलं होतं का?

गराडू_गेमर

तीनदा. मला वाटलं चुकून.

मांडवीपाशी

चुकून तीनदा? अरे बाबा, जो माणूस तेवीस जणांपैकी एकाशी बोलला नाही तो थांबून तीनदा थैलीवर बोट ठेवतोय. त्याला आत काय आहे ते बघायचंय! साइड क्वेस्ट त्याच्या कमरेला बांधलीये आणि तू त्याला शेळी दाखवतोयस.

फोडू दे त्याला मोहर. हरकाऱ्याला वाचता येत नसेल (नसावंच, आलं तर मजा गेली), आणि पत्र असणार मोडीत. मग मोडी वाचणारा शोधणं आलं. माळव्याच्या खेड्यात तो कोण असणार, पाटलाकडचा कारकून, एखादा जोशी, सावकाराचा गुमास्ता. जो वाचून दाखवेल त्यालाही आतलं कळणार, म्हणजे तो पुढं कोणाला सांगेल ही धाकधूक वेगळी. आणि हे सगळं ऐच्छिक बरं का, मोहर तशीच ठेवून सरळ महिदपूर गाठणाऱ्यानं काही गमावलं नाही, उलट त्यानं नोकरी इमानानं केली. तुझ्या आईलाही चालेल, कारण आडवाट आता पत्राचीच आहे.

लष्करवाला

ताई, मानलं.

फक्त एक खड्डा दाखवून ठेवतो. पत्र वाचलं तर 'खरा शेवट' आणि न वाचलं तर 'कच्चा शेवट' असं करू नकोस. मास इफेक्ट टूमध्ये (२०१०) प्रत्येक साथीदाराची एक खासगी मोहीम आहे, म्हणायला ऐच्छिक, पण ज्याची केली नाही तो शेवटच्या धुमश्चक्रीत मरायची शक्यता वाढते. मोहिमा झकास आहेत, तक्रार नाही, पण त्याला ऐच्छिक म्हणणं म्हणजे लग्नाच्या आहेराला ऐच्छिक म्हणण्यासारखं आहे. पर्सोना फाइव्ह रॉयल तर त्याच्या पुढचा. शाळेत एक समुपदेशक येतो, त्याच्याशी १८ नोव्हेंबरच्या आत नवव्या पायरीपर्यंत ओळख वाढवली नाही तर शेवटचं अख्खं सत्र दिसतच नाही. माझ्या पोराचे शंभर तास झाले होते तेव्हा त्याला हे कळलं. त्या दिवशी घरात कोणी मोठ्यानं बोललं नाही.

शिफ्ट_बी

हे काहीच नाही. फायनल फँटसी बारा, २००६. त्यातला सगळ्यात जबरी भाला एका पेटीतून हवा असेल तर वाटेतल्या चार ठरावीक पेट्या उघडायच्या नाहीत. गेम हे कुठंही सांगत नाही. जन्मभर शिकवलं की पेटी दिसली उघड, आणि मग उघडली म्हणून शिक्षा. पहिली पेटी तर सुरुवातीच्या शहरातच, एका म्हाताऱ्याच्या घराबाहेर. पुढच्या आवृत्तीत त्यांनी ती भानगड काढून टाकली. लपवा की, पण जे लपवलं ते शोधणाऱ्याला मिळू द्या, न शोधणाऱ्याला काय द्यायचंय.

चुलीवरचा_बॉस

बरं आता महुआ सोडून बोलतो, कारण सराफ्याचं उदाहरण तू दिलंस आणि ते तुलाच नीट कळलेलं नाही.

सराफा दिवसा काय असतो? सोन्याचांदीचा बाजार. रात्री दुकानं मिटली की त्याच ओट्यांपुढं कढया लागतात. नवीन रस्ता नाही, नवीन इमारत नाही, तीच गल्ली, फक्त वेळ बदलली. तू एकटा माणूस, तुला आणखी काय पाहिजे? तुझं इंदूर एकदाच काढलंय ना आतेबहिणीनं? त्याचीच रात्र कर. दिवसा ज्या ओट्यावर गुमास्ता हिशेब करतो तिथं रात्री तो एकटा, दिवा बारीक, आणि मोडी वाचायला तयार. दिवसा विचारलंस तर हाकलून देईल.

दुसरं, सराफ्यात तू थांबतोस कशानं? वासानं. कीस परतायचा आवाज येतो, एक जण दहीवड्याचा द्रोण हवेत उडवून झेलतो, लोक गोल करून उभे असतात म्हणून तूही उभा राहतोस. तुझी माणसं काय करतात? डोक्यावर पिवळं उद्गारचिन्ह घेऊन उभी. खरं सांग, आहे ना? आणि कोपऱ्यात '३/२३' असं काही लिहिलंय का? लिहिलंय. मला इथून दिसतंय. सराफ्याच्या तोंडाशी कोणी पाटी लावली की '२३ पैकी ३ पदार्थ खाल्ले', तर मी तिथूनच परत फिरेन. नाहीतर भुकेपोटी नाही, पाटीपोटी तेवीस खाईन आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकेन. तुझ्या भाचीचं हेच झालंय.

एल्डन रिंगमध्ये (२०२२) सुरुवातीच्या प्रदेशात एका जंगलात अस्वलं फिरत असतात, तिथं एक पडकं बांधकाम, आत गोल लिफ्ट. कोणी सांगितलेलं नाही, नकाशावर खूण नाही. मला वाटलं तळघर असेल, एखादी पेटी असेल. लिफ्ट खाली जाते, जाते, जातच राहते, एवढी की मी हातातला चहा खाली ठेवला, आणि मग खाली, जमिनीच्या खाली, तारे. अख्खं आकाश आणि नदी. मला कोणी काम दिलं नव्हतं, एक्सपी मिळणार असं लिहिलं नव्हतं, तरी मी त्या रात्री दोनपर्यंत तिथंच होतो. गेम संपवायला ती नदी लागत नाही.

मॉरोविंडमध्ये (२००२) तर रस्ता दाखवणारा बाण-बिण काही नव्हतं, माणूस तोंडानं सांगायचा, पूल ओलांड, डावीकडं वळ, मोठा दगड दिसला की वर चढ. निम्म्या वेळा चुकायचो. पण जे सापडायचं ते आपलं असायचं.

गराडू_गेमर

'३/२३' लिहिलंय. तुम्ही माझ्या घरात कॅमेरा लावलाय का.

गराडू_गेमर (तीन आठवड्यांनी)

धागा वर आणतोय, माफी. शब्द दिला होता म्हणून काय झालं ते सांगतो.

तेवीसच्या सात केल्या. महुआ गेला, घागर गेली, मेलेला नावाडी गेला (भाऊ आता नुसतेच भांडतात, मारामारी काढली). उद्गारचिन्हं काढली, कोपऱ्यातला आकडा काढला. साइडला एक्सपी शून्य. घड्याळ नाही ठेवलं, शिफ्ट दादांची भीती होती, पण जसा उशीर करशील तशी घाटावरची धुनी कमी होत जाते आणि समोरून येणारे लोक वाढत जातात, पाठीवर संसार बांधून. फारच रेंगाळलास तर महिदपूरला पोचतोस तेव्हा लढाई होऊन गेलेली असते. तिथंही शेवट आहे, वेगळा, पण पुरा लिहिलाय, लष्करवाले दादा.

आणि खलिता. चार वेळा लिहिला. मोडी वाचता येणारे एक काका आमच्या ओळखीत आहेत, त्यांच्याकडे गेलो, ते म्हणाले मोडीत शब्द तोडत नाहीत, सलग लिहितात, आणि ह्रस्व-दीर्घ वेगळं काढत नाहीत, ज्याला मजकूर माहीत आहे तोच भरभर वाचतो. तिथं मला सापडलं. पत्रात एक ओळ आहे, "सुत रवाना करितो". इंदूरचा गुमास्ता सुतापाण्याचा व्यापारी, तो वाचतो सूत, महेश्वरात माग आहेतच, सुताच्या गाठी पाठवतोय म्हणून कोणीतरी लिहिलंय, एवढंच. उज्जैनचा जोशी तीच ओळ वाचतो सुत, म्हणजे मुलगा. कोणाचा तरी मुलगा छावणीकडे निघालाय. दोघंही खोटं बोलत नाहीत. आणि मला खर्च किती आला, नवीन चित्र एकसुद्धा नाही, आतेबहिणीनं फक्त इंदूरची रात्र रंगवली, तीही निळा पडदा टाकून.

गेल्या रविवारी परत सगळ्यांना बसवलं. मावसभावानं महेश्वरचा घाट सोडायच्या आधी, चौथ्या मिनिटाला, मोहर फोडली. पुढं जो दिसेल त्याला मोडी येतं का विचारत सुटला, अख्ख्या गेममध्ये तोच सगळ्यात जास्त लोकांशी बोलला. गुमास्त्यानं सूत सांगितल्यावर म्हणाला, "बस? दोऱ्यासाठी एवढी पायपीट?" मग जोशी भेटला तेव्हा उठून उभा राहिला.

भाचीनं उघडलंच नाही. मी मागून म्हटलं, ते बटण दाबून तर बघ. म्हणाली, "दुसऱ्याचं पत्र वाचू नये, मामा." सगळ्या गोष्टी शंभर टक्के करणारी पोरगी, आणि हे केलं नाही. म्होरक्याशी मात्र या वेळी सहा वेळा मेली आणि चिडली, मला फार बरं वाटलं.

बग एक सापडला, मांडवी ताई, तुमच्यासाठी. महिदपूरला कारभारी थैली हातात घेऊन म्हणतो, "मोहर शाबूत. शाबास." हे तो मावसभावालाही म्हणाला, ज्यानं ती दहा दिवसांपूर्वी फोडलीये. मावसभाऊ म्हणतो ठेव असंच, हा कारभारी आंधळा आहे किंवा त्यालाही वाचायचं नाहीये. दुरुस्त करू का ठेवू?

आई खेळली नाही, नुसती बघत होती. आता रोज जेवताना विचारते, सूत का सुत. मी अजून ठरवलेलं नाही.

मांडवीपाशी

दुरुस्त कर. आणि मोहर फोडलेली असेल तर त्याला दोन सेकंद गप्प ठेव, मग तेच वाक्य म्हणू दे.

शिफ्ट_बी

शेळी ठेवलीस ना?

गराडू_गेमर

ठेवलीये. दूध देते.